भाकरी संपली की मग काय खाऊ?

पत्र असं आहे:

'अक्का, मी सोलापूरची, सध्या हनोईजवळ एका कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. घर शाकाहारी. मी बाहेर अंडं खाते, बाकी काही नाही. आईने दिलेली कडक भाकरी, शेंगा चटणी आणि सुट्टीच्या दिवशी भारतीय हॉटेल, एवढ्यावर माझं चाललंय. ऑफिसातल्या मैत्रिणी रोज दुपारी जेवायला बोलावतात आणि मी रोज काहीतरी कारण सांगते. इथे सगळ्यात हाडांचं नाहीतर माशांचं पाणी असतं असं ऐकलंय. व्हिएतनाममध्ये राहून तिथलं काहीच न खाता परत जाईन असं वाटतं आणि वाईट वाटतं. सुरुवात कुठून करू? चुकून काही पोटात गेलं तर? आणि दिवाळीत आई-पप्पा येणार आहेत. आई तर अंडंही खात नाही. तिला काय खाऊ घालू?'

अगं, भाकरी-चटणीचं आधी मनातून काढून टाक. दिवसभर उभं राहून आल्यावर कडक भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली तर त्यात काही चुकत नाही. मला काळजी वाटली ती दुपारची. रोज कारण सांगतेस, ते. हनोईत माणसांची ओळख दुपारच्या जेवणावर होते. अजून काही दिवस गेले की त्या मुली बोलवायच्या थांबतील. त्यांच्या मनात राग नसेल, तुला आवडत नाही असंच त्या समजतील. मी त्या शहरात काही वर्षं राहिले आहे, ह्यांच्या नोकरीमुळे, आणि शाकाहारीच राहिले. म्हणून खात्रीने सांगते, तुझं खाणं तिथे आहे, भरपूर आहे, फक्त ते फोच्या, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या शेवयांच्या, दुकानात नाही.

तुझी भीती खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालत नाही. फोचं पाणी गाईची हाडं तासन्‌तास उकळून करतात, ते सोडूनच दे. बुन चा म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस, तेही सोड. उरतं नुओक माम. लहान मासे मिठात घालून वर्षभर मुरवायचे आणि त्याचं जे पाणी निघतं ते स्वयंपाकात घालायचं. आपण फोडणीत हिंग टाकतो तितक्या सहज ते लोक हे घालतात. ऑम्लेटमध्ये घालतात, टोमॅटोतल्या टोफूत घालतात, भाजीवर शिंपडतात. त्यामुळे साध्या खानावळीत 'यात मांस आहे का' विचारलंस तर 'नाही' असं उत्तर मिळेल, आणि ते त्यांच्या समजुतीने खरंच असेल.

तेव्हा आधी तू स्वतःशी ठरव, कुणाला विचारू नकोस. मांसाचा तुकडा नको, हे तर नक्की. रस्सा नको, हेही नक्की. माशाच्या पाण्याचा थेंब अजाणता गेला तर चालेल की नाही, हे तुझं तू ठरव. 'नाही' हे उत्तरही अगदी चांगलं आहे, त्याची वाट पुढे सांगते. पण जे ठरवशील ते एकदा ठरव. रोज दुपारी थाळीसमोर बसून नव्याने घाबरणं माणसाला थकवतं. आणि चुकून गेलंच, तर ते चुकून गेलं. तोंड धुवून पुढच्या वेळी नीट विचारायचं. त्यावरून दोन दिवस उपाशी राहू नकोस आणि आईपासून लपवूही नकोस. आई रागावेल त्यापेक्षा लपवल्याचं तिला जास्त लागेल.

आता वाट. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतला शाकाहार जुना आहे आणि तो 'चाय' या नावाने चालतो. उच्चार आपल्या हिंदीतल्या चहासारखाच, आणि दुकानाच्या पाटीवर हा शब्द दिसला की आत जा. तिथे मांस नाही, मासे नाहीत, नुओक माम नाही, आणि कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नाही. ताटात माशाच्या आकाराचं किंवा मांसासारखं दिसणारं काही आलं तर दचकू नकोस. सोयाबीन, गव्हाचं सत्त्व, अळंबी यांचं ते केलेलं असतं. मला स्वतःला ही नकली प्रकरणं फारशी भावली नाहीत. त्याच दुकानातली साधी टोफूची भाजी, कमळाच्या बियांचा भात, केळफुलाची कोशिंबीर कितीतरी चांगली.

आणि हे नीट वाच, कारण तुझ्याकडे त्यासाठी लागणारी वस्तू घरातच आहे. तिथली पुष्कळ भाविक माणसं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात. पहिला दिवस म्हणजे आपली अमावास्या, पंधरावा म्हणजे पौर्णिमा, एखादा दिवस पुढेमागे. कालनिर्णय उघड आणि त्या दोन तारखांना खूण कर. त्या दिवशी देवळांच्या आसपास चायची दुकानं भरलेली असतात, एरवी मांस विकणारीही काही जणी त्या दिवशी टोफू आणि भाज्यांची ताटं मांडतात. कारखान्यातल्या एखादीच्या घरीही त्या दिवशी शाकाहारी स्वयंपाक असेल. मैत्रिणींना तू बोलावायचं असेल तर हाच दिवस निवड. 'माझ्यासाठी तुम्ही जुळवून घ्या' असं म्हणावं लागत नाही, त्यांचाही तो रिवाज असतो.

एका मैत्रिणीकडून फोनमध्ये तिच्या भाषेत दोन वाक्यं लिहून घे: मी चाय खाते, आणि नुओक माम, मांसाचा रस्सा, चरबी काही घालू नका. तोंडाने म्हणायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नकोस. त्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. विकणारी बाई घाईत असते, तिला लिहिलेलं दाखवलं की तिचंही काम सोपं होतं.

दुपारी मैत्रिणींबरोबर साध्या खानावळीतच जा. 'कम बिन्ह झान' म्हणतात तिला. मोठमोठ्या ताटांत भाज्या, टोफू, अंडी, मांस मांडलेलं असतं. बोट दाखवायचं, भाताबरोबर वाढून मिळतं. माझा आवडता पदार्थ तिथे सगळ्यात स्वस्त होता: पाण्यात वाढणाऱ्या एका पालेभाजीच्या कोवळ्या देठांची नुसती उकडलेली जुडी, झाउ मुओंग. ज्या पाण्यात उकडली ते टाकून देत नाहीत. उन्हाळ्यात त्यात साउ नावाचं छोटं हिरवं आंबट फळ घालून चेचतात आणि वाटीत वेगळं देतात. हनोईच्या जुन्या रस्त्यांवर सावली धरणारी मोठमोठी झाडं आहेत ना, त्यांतली पुष्कळ साउचीच. भर दुपारी ते कोमट आंबट पाणी भातावर ओतून प्यायलं की उन्हाचा ताप खरोखर उतरतो. भाजीसोबत बुडवायला नुओक मामची वाटी येते. ती बाजूला सारायची आणि सोयासॉस मागायचा, त्याला 'सी झाउ' म्हण.

एक सावधगिरी. मधे ठेवलेल्या ताटांतून सगळे घेतात, आणि मोठं माणूस प्रेमाने आपल्या काडीने उचलून तुझ्या वाटीत घालतं. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रहच तो. मांसाचा तुकडा असा वाटीत येऊन पडला तर परत करणं फार अवघड जातं. म्हणून जेवायला बसण्याआधीच सांगून टाक. एकदा सांगितलंस की त्याच मुली इतरांना अडवतील. घरी जेवायला बोलावलं तर लहानांनी मोठ्यांना 'जेवा' म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे तुला शिकवावं लागणार नाही.

आता सकाळ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. हनोईत रस्त्यावर मिळणारा पदार्थ तासाला बांधलेला असतो. सकाळी सहाला जिथे एक बाई टोपली घेऊन बसते तिथे नऊला काही नसतं, अकराला दुसरीच कुणीतरी येते. तू आठ-साडेआठला ऑफिसला निघत असशील तर शहराचं निम्मं खाणं तुझ्यासाठी घडतच नाही. म्हणून रोज थोडं लवकर निघ आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी सोई विकणारी बाई शोध. सोई म्हणजे वाफवलेला चिकट भात. त्यातला 'सोई सेओ' आधी खा. भात हळदीने पिवळा केलेला. शिजवलेल्या मुगाच्या डाळीचा घट्ट, मुठीपेक्षा मोठा गोळा ती डाव्या हातात धरते आणि सुरीने त्याचे पातळ पदर भातावर तासत जाते. ते पडता पडता भुगा होतात. वर तळलेला कांदा, मग केळीच्या पानाची पुडी. हळद, मूगडाळ, भात, कांदा! शेवटी एक चमचा पातळ चरबी घालते, तेवढी हाताने खूण करून नको म्हण. दुसरा प्रकार सोई लाक, म्हणजे शेंगदाणे घालून वाफवलेला. त्यावर एक चूर्ण भुरभुरतात: भाजलेले तीळ आणि शेंगदाणे, मीठ, कधी चिमूटभर साखर, सगळं कुटलेलं. मुओई वुंग.

ते चूर्ण खाल्लंस की तुझ्या ध्यानात येईल मी कशाकडे निघाले आहे. तिथल्या गरीब घरांत साध्या भाताबरोबर तोंडी लावायला हेच असतं, आजही. आपल्याकडे भाकरीबरोबर जी जागा चटणीची, ती तिकडे भाताबरोबर याची. फरक म्हणशील तर लसूण नाही, तिखट नाही, आणि आपण खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटतो तसं ते कुटत नाहीत, कोरडं ठेवतात. शेंगदाणा त्यांचाही नाही आणि आपलाही नाही, तो दक्षिण अमेरिकेतून आला, मिरचीही अमेरिकेतलीच. दोन्ही ठिकाणच्या बायकांनी तो भाजला, कुटला, मीठ घातलं आणि आपला केला. आईने पाठवलेल्या चटणीचा डबा उद्या दुपारी त्या टेबलावर ठेव. तिखट कमी घ्यायला सांग. संध्याकाळी फुटपाथवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून मैत्रिणी थंड चहा पितात, तिथे बरणीत 'केओ लाक' असतं, ती आपली शेंगदाण्याची चिक्कीच. तिथेही जा. तिथे कुणी काही शाकाहार-मांसाहार विचारत नाही.

कोमबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. श्रावण-भाद्रपद म्हणजे तिकडे शरद सुरू होतो आणि कोमचा हंगाम येतो. चिकट तांदळाचं पीक अजून दुधात असताना कापतात, मंद आचेवर भाजतात, उखळात कुटतात, पाखडतात, पुन्हा कुटतात, पुन्हा पाखडतात. शेवटी पोपटी, मऊ, चपटे दाणे हातात येतात. यासाठी नावाजलेलं व्होंग गाव आता शहराच्या पोटात गेलंय, तरी नाव टिकून आहे. विकणारी सायकलवर किंवा खांद्यावरच्या कावडीत घेऊन फिरते. ती आधी एक ओलं हिरवं पान घेते, त्यात दाणे ओतते, बाहेरून कमळाचं पान गुंडाळते आणि भाताच्या काडीने बांधते. उघडल्यावर कमळाच्या पानाचा वास दाण्यांना लागलेला असतो. चमच्याने खायचं नाही. तीन बोटांची चिमूट, सावकाश, हवं तर पिकलेल्या केळ्याबरोबर.

मंगळवेढ्याच्या, मोहोळच्या शिवारात जिने पौषात आगटीभोवती बसून हुरडा खाल्लाय, तिला कोम काय आहे हे कुणी समजावून सांगायला नको. तेच कोवळं धान्य, तीच घाई, आणि दोन-चार आठवड्यांत पीक पुढे गेलं की संपलं. आपण कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजतो आणि हातावर चोळतो, गरम असतानाच खातो. ते कुटतात आणि शहरात विकायला आणतात. मला विचारशील तर गोडव्यात आपली हुरड्याची गूळभेंडी ज्वारी पुढे आहे आणि वासात कोम. फक्त 'चा कोम' नावाचं तळलेलं काही समोर आलं तर घेऊ नकोस, त्यात कोमबरोबर डुकराचं मांस असतं.

पण सगळं ओळखीचंच शोधत बसू नकोस. मुओई वुंग आणि कोम तुला धीर देतील, पुढे मात्र अनोळखी चवी आहेत आणि त्या शहराचा जीव त्यांतच आहे. प्रत्येक ताटाबरोबर कच्च्या पाल्याची परडी येते. जांभळ्या पाठीचं एक पान, लिंबाच्या वासाचं एक, जिभेला चरचरणारं एक. आपली कोथिंबीर-पुदिन्याची सवय तिथे पुरत नाही. पहिल्या दिवशी मला सगळ्यांना एकच औषधी वास येत होता. एकेक पान वेगळं चावून खायला लागल्यावर ती मला ओळखू यायला लागली. धुतलेला पाला हवा म्हणून जिथे गर्दी आहे आणि परड्या भराभर रिकाम्या होतात तिथेच खा. आणि तू अंडं खातेस, तर एकदा अंड्याची कॉफी पी. 1946 च्या सुमारास दुधाची टंचाई होती तेव्हा एका हॉटेलातल्या माणसाने दुधाऐवजी पिवळा बलक फेसून कॉफीवर घातला. टंचाई गेली, कॉफी राहिली.

यादी करून रोज नवं दुकान गाठायची हौस तुझ्या वयात असते, ती मी थांबवणार नाही. तरी एक सोईवाली आणि एक खानावळ धर आणि त्या सोडू नकोस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती बाई न सांगता चरबीचा चमचा बाजूला ठेवेल. मग ती तुला सांगेल की उद्या येऊ नकोस, उद्या गावाकडे जत्रा आहे, किंवा आज हा दुसरा प्रकार बघ, पौर्णिमा आहे म्हणून केलाय. फोनवरच्या नकाशात हे येत नाही. तुला शाकाहारी म्हणून जी अडचण वाटते, ती मला तिथे फार उपयोगी पडली. मला प्रत्येक पदार्थाबद्दल विचारावं लागलं, त्यामुळे तो कशाचा आहे, कुणी केला, कधी मिळतो, हे सगळं कळत गेलं. माझ्या ओळखीचे, सगळं खाणारे लोक वर्षानुवर्षं राहून फो आणि बुन चाच्या पुढे गेले नाहीत.

आणि आपल्याच गावाबद्दलही विचार कर. तू सोलापूरची, पण पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली घरात संक्रांतीला बसली आहेस का? त्यांचे पूर्वज तेलंगणातून हातमाग घेऊन आले, 1877 मध्ये 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाल्यावर गाव आणखी वाढलं, आणि त्यांनी आपलं खाणं सांभाळून ठेवलं. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून, फडक्यावर बोटांनी वळून वेढे घालत सकिनालू करतात, त्यावर बोटांचे ठसे दिसतात. आपल्या अंबाडीची त्यांची पुंटिकूर वेगळीच लागते. एका शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात आणि पुष्कळांनी शेजारच्या गल्लीतला पदार्थ कधी चाखलेला नसतो. तुला हनोईत जे वाईट वाटतंय, ते मला इथे राहूनही वाटतं.

आता आईची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, म्हणजे तिकडे चांद्रमासाचा पहिला दिवस तेव्हाच येतो. एक दिवस पुढेमागे होऊ शकतो, मैत्रिणीला विचारून पक्कं कर. त्या दिवशी सकाळी आई-पप्पांना जवळच्या देवळात घेऊन जा. फुलं, फळं, उदबत्त्या घेऊन आलेल्या बायका बघून आईला परकं वाटणार नाही. दुपारी देवळाजवळच्याच चायच्या दुकानात जेवा, तिथे तिला एकेक ताट तपासत बसावं लागणार नाही. अंड्याचं मात्र तिथेही एकदा विचारून घे. पहिल्या दिवशी नकली मांसाची ताटं तिच्यासमोर आणू नकोस, तिचं मन उडेल. साधा भात, टोफू, उकडलेली झाउ मुओंग आणि मुओई वुंग मागव. संध्याकाळी घरी पूजा, आणि फराळाचा डबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात.

कोमचा हंगाम दिवाळीपर्यंत संपत आलेला असतो. आई येण्याआधी विकणारीला विचारून ठेव, शेवटचे दाणे मिळाले तर कमळाच्या पानातच घरी आण आणि आईसमोर उघड. ती हुरड्याबरोबर काय मागते ते तुला माहीत आहे, चटणी आणि गूळ जवळ ठेव. अंड्याच्या कॉफीचं तू ठरव, पण पप्पांना विचारून बघायला हरकत नाही.